घडवणाऱ्याचं नाव, वस्तूचं वजन
(लेखमाला : लहान धंदा आणि समाजमाध्यमं, भाग 6)

गेल्या आठवड्यात पैसे मोजून करायच्या जाहिरातींचा हिशेब पाहिला. या भागातली गोष्ट बिनपैशाची आहे आणि ती कुंभकोणमच्या शेजारची आहे.

सप्टेंबर 2023 च्या पहिल्या आठवड्यात इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, एका नटराजाची ओळख करून दिली. दिल्लीत भारत मंडपमसमोर बसवलेली ही मूर्ती अष्टधातूची, उंची 27 फूट, वजन 18 टन. ती घडवली स्वामीमलैचे राधाकृष्णन स्थपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सात महिन्यांत. घराण्याच्या 34 पिढ्या चोळांच्या काळापासून याच कामात आहेत, हेही त्यात होतं. पंतप्रधानांनीही मूर्तीबद्दल लिहिलं. 9 आणि 10 तारखेला जी-20 परिषद भरली, तोवर कुंभकोणमपासून काही किलोमीटरवरच्या या छोट्या गावाचं नाव देशभर पोचलं होतं.

ही काही दुकानदाराची जाहिरात नव्हती. तरी प्रत्येक दुकानदारानं तो मजकूर पुन्हा वाचावा. कुणी केलं, कुठं केलं, कशाचं केलं, किती वजनाचं, किती दिवसांत: गिऱ्हाईक जे विचारणार ते सगळं चार ओळींत आलेलं आहे. विशेषणं एक-दोनच.

आता तंजावरच्या भोसल्यांनी एके काळी राज्य केलेल्या या मुलखातली, मराठी घराला ओळखीची वस्तू घेऊ: समई. कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविलची पितळी समई प्रसिद्ध आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. बैठक, दांडी, तेलाचं तबक आणि वरचा शेंडा वेगवेगळे ओतून, कातून मग एकमेकांत बसवतात. पितळेची किंमत वजनावर ठरते, हे पुण्याच्या तांबट आळीत भांडी घेतलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मग समईच्या फोटोखाली नुसतं ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं का लिहायचं? वजन, उंची आणि भाव लिहिला की निम्मे प्रश्न तिथंच मिटतात आणि ज्याला खरंच घ्यायचं आहे तोच फोन करतो.

चलचित्राचंही तसंच. स्वामीमलैत आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीकाठच्या मऊ मातीचे थर देतात, तापवून मेण वाहू देतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मूर्ती बाहेर काढायची तर साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. साचा फुटतानाचं अर्धं मिनिट साध्या मोबाईलवर टिपलं, तरी दुसऱ्या मूर्तीशी तुलना करणाऱ्याला किमतीचं कारण समजतं. त्याला उसनं गाणं लावायची गरज नाही. हातोडीचा आवाज राहू द्यावा.

उलट उदाहरणही कुंभकोणमचंच आहे. तामिळनाडूच्या महामार्गांवर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्या जागोजागी दिसतात. पितळी डबरा-टंबलर समोर येतो, पण दूध कुठलं, बिया कुठल्या, गाळणारा कोण, याचा पत्ता नसतो. गावाचं नाव गाजलं. गावातल्या कॉफीवाल्याच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही. नाव कुणीही लावू शकतो. हात, भट्टी आणि पत्ता मात्र ज्याचा त्यालाच दाखवता येतो.

जानेवारी 2018 मध्ये आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस इथं उपयोगी पडतं. त्यातल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूचा फोटो, भाव आणि माहिती कायमची ठेवता येते. ब्रॉडकास्टचा संदेश मात्र ज्यानं तुमचा नंबर साठवला आहे त्यालाच पोचतो. म्हणून बिल देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ असं गिऱ्हाइकाला सांगणं, हे दुकानाचं नित्याचं काम समजावं.

पुढच्या भागापर्यंत वाचकांनी एवढं करावं: आपल्या दुकानातली सर्वांत जास्त खपणारी एक वस्तू घ्यावी आणि ती कुणी, कुठं, कशापासून, किती दिवसांत केली ते चार ओळींत लिहून काढावं. एखादी ओळ रिकामी राहिली, तर आधी कारागिराकडे जाऊन विचारावं, फोटो त्यानंतर.