दिल्लीच्या आकाशातून हरपलेले गिधाड

गिधाडाला आपल्या समाजाने फारसा मान कधी दिला नाही. जटायूची कथा सोडली, तर या पक्ष्याचे नाव लोभी माणसाला हिणवण्यासाठीच अधिक वापरले गेले. तथापि गावांच्या आणि नगरांच्या आरोग्याचा मोठा भार शतकानुशतके याच पक्ष्याने वाहिला. मेलेले जनावर गावाबाहेर टाकावे, गिधाडांच्या थव्याने ते पाहता पाहता फस्त करावे आणि मागे केवळ हाडांचा सांगाडा उरावा, अशी ही बिनखर्चाची व्यवस्था होती.

राजधानी दिल्लीतही ती चालू होती. सोव्हिएत पक्षिशास्त्रज्ञ व्ही. एम. गालुशिन यांनी दिल्लीतील शिकारी पक्ष्यांची पाहणी करून आपले निष्कर्ष १९७१ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुमारे १५० चौरस किलोमीटरांच्या टापूत घारींची सुमारे २,४०० आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची सुमारे ४०० जोडपी असावीत, असा त्यांचा अंदाज होता. घारी दिल्लीत आजही हजारोंनी आहेत. म्हणूनच तेथील आकाश रिकामे भासत नाही. परंतु रस्त्यांकडेच्या जुन्या वृक्षांवर घरटी बांधणारी ती गिधाडे आता तेथे नांदत नाहीत.

हा ऱ्हास प्रथम नेमकेपणाने ध्यानात आला तो भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. भरतपूर जिल्हा आता राजधानी क्षेत्रातच मोडतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ साली तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली होती. १९९६-९७ साली ती १५० वर आली आणि पुढील काही वर्षांत जवळजवळ नाहीशीच झाली. पक्षी माना खाली टाकून झाडांवर निपचित बसत आणि मरून खाली पडत. उत्तर भारतातील रस्त्यांवरून वारंवार केलेल्या गणनांनी तर असे दाखविले, की १९९२ साली जेथे हजार गिधाडे होती, तेथे २००७ साली जेमतेम एक उरले होते.

कारण काय असावे? एखादी साथ, की कीटकनाशके? डी.डी.टी.मुळे युरोप-अमेरिकेतील शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे उदाहरण संशोधकांसमोर होतेच. पण येथे अंडी फुटत नव्हती, धडधाकट पक्षीच मरत होते. शवविच्छेदनात बहुतेकांच्या काळजावर आणि यकृतावर खडूसारखा पांढरा थर आढळे. तो यूरिक आम्लाचा होता. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. अमेरिकन संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानातील पंजाबात याच प्रश्नावर काम करीत होते. त्यांनी विचार केला, की गिधाडे गुरांचे मांस खातात, तर मग त्या गुरांना कोणती औषधे दिली जातात? पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी करता डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे नाव पुढे आले. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांची तपासणी केली, तेव्हा २५ही गिधाडांत ते सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही नव्हते. हे संशोधन २००४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

या औषधाचा प्रसार दुष्ट हेतूने झाला नव्हता. लंगडणाऱ्या बैलाची सूज उतरावी, आजारी गाईची वेदना शमावी, एवढाच शेतकऱ्याचा हेतू. पण एका शवावर पन्नास-शंभर गिधाडे जेवतात. म्हणून शंभरांत एखादे शव, किंबहुना त्याहूनही कमी शवे दूषित असली, तरी एवढ्या संहारास ती पुरेशी होती, असे गणिताने दिसून आले. भारतात तपासलेल्या शवांत प्रत्यक्षात हे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास निघाले. त्यातून गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू जाणते होण्यास चार-पाच वर्षे लागतात. एवढी हानी भरून निघणार कशी?

गिधाडे गेली आणि शवे तशीच पडून राहू लागली. त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली आणि त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे भयही वाढले. पक्ष्यांची हानी ती केवळ पक्ष्यांची राहिली नाही.

उपाय शोधताना गुरांना वेदनेत ठेवणे न्याय्य नव्हते; त्यांना दुसरे औषध हवे होते. मेलॉक्झिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करीत नाही, हे २००६ साली सिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने पशुवैद्यकातील डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याचे दिसताच २०१५ साली कुपीचा आकार तीन मिलिलिटरपुरता मर्यादित केला गेला. तरीही प्रश्न मिटला नाही. गुराच्या शरीरात गेल्यावर ज्याचे डायक्लोफेनॅकच बनते ते असेक्लोफेनॅक, आणि गिधाडांना तितकेच घातक ठरलेले केटोप्रोफेन, या दोन औषधांवर बंदी येण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तेथील पक्षी २०२४ साली महाराष्ट्रातील ताडोबातही आणले गेले. परंतु पिंजऱ्यात वाढविलेला पक्षी मोकळा सोडायचा, तर त्याला मिळणारे अन्न आधी निर्विष हवे. आजवर औषध प्रथम बाजारात आले, पक्षी मेले, आणि मग त्याची परीक्षा झाली. हा क्रम उलटला पाहिजे. गुरांचे नवे वेदनाशामक गोठ्यात पोहोचण्यापूर्वीच ते गिधाडांना निरुपद्रवी आहे की नाही, हे पाहिले गेले, तरच दिल्लीच्या घारींच्या वरती ते रुंद पंख पुन्हा घिरट्या घालताना दिसतील.