समजा, एकच गोष्ट बदलली तर?

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली की ज. वि. ना. होतात, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडणारे, सव्विसाव्या वर्षीच पद्मभूषण मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले, आणि अक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात पाठवली. मराठीतल्या सर्वांत लाडक्या विज्ञानकथाकाराचा प्रवास असा सुरू झाला.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, 19 जुलै 1938चा. त्यांची आई सुमतीबाई हुजूरबाजारांच्या घरातल्या, आणि ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ वसंतराव हुजूरबाजार हे त्यांचे मामा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्याने बालपण बनारसला गेले. तिथे दुसरे मामा, मोरूमामा, शिकायला येऊन राहिले होते. ते घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे आव्हान लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत ते पुसले जात नसे.

नारळीकरांच्या कथा वाचताना तो फळा मला सारखा दिसतो. गणिताचे कोडे सुरू होते ते ‘समजा’ या शब्दाने. समजा, अमुक एक गोष्ट अशी आहे. एकदा ते मान्य केले की पुढे मनाला येईल तसे वागता येत नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतूनच निघावी लागते. चांगल्या विज्ञानकथेचा नियम हाच आहे. जगातली एकच गोष्ट बदलायची आणि तिच्या मागून येणारे सगळे परिणाम, आवडोत न आवडोत, पदरात घ्यायचे.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथाच बघा. एक गोलंदाज अचानक हात बदलून गोलंदाजी करू लागतो आणि फलंदाजांची भंबेरी उडते. घरातल्या डाव्या सोंडेच्या मूर्तीची सोंड उजवीकडे वळलेली दिसते. आरशातले प्रतिबिंब बाहेर येऊन हिंडावे, तसा हा प्रकार. यात बदललेली गोष्ट कोणती? माणसाला चौथ्या मितीतून एकदा फिरवून आणता आले, एवढीच.

हे कसे शक्य आहे, ते एका कागदाने कळते. जाड कागदातून डाव्या पंजाचा आकार कापा आणि टेबलावर ठेवा. टेबलावरून न उचलता तो कितीही सरकवा, कितीही गोल फिरवा, तो डावाच राहील. पण उचलून पालथा केला की क्षणात उजवा! सपाट आकाराला तिसरी मिती मिळाली आणि अशक्य ते शक्य झाले. आपल्याला चौथी मिती मिळाली, तर आपणही असेच ‘पालथे’ होऊ शकू, असे गणित सांगते. माणूस तोच, पण हृदय उजवीकडे, भांगाची बाजू उलटी, आणि खिशातल्या पत्रावरची अक्षरे आरशात धरल्याशिवाय वाचता न येणारी.

आणि हा हिशेब अजून पुढे नेला तर? आपल्या शरीरातली प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, ती जवळजवळ सगळी ‘डाव्या’ घडणीची आहेत. पचणाऱ्या साखरा मात्र ‘उजव्या’. उलटून आलेल्या माणसाची पाचकद्रव्येही उलटी झालेली असणार. त्याच्यासमोर भाकरी आणि तांबडा-पांढरा रस्सा वाढला, तर तो पोटभर जेवेल आणि तरी उपाशी राहील, कारण त्या अन्नातले रेणू त्याच्या शरीराच्या कुलपात बसणारच नाहीत. पाणी तेवढे चालेल. पाण्याच्या रेणूला डावे-उजवे नसते. वासांचाही घोटाळा होईल. कार्व्होन नावाच्या रेणूचे एक रूप स्पिअरमिंटच्या गोळीसारखे दरवळते, त्याचेच आरशातले रूप बाळंतशोपेच्या वळणावर जाते. एवढासा बदल, आणि त्याचे धागे किती दूरवर जातात!

असा हिशेब चोख असला की कल्पना पुढे खरीही होऊन भेटते. ‘धूमकेतू’ या कथेत दत्ता नावाच्या हौशी बंगाली आकाशनिरीक्षकाला एक नवा धूमकेतू सापडतो. गणित करता कळते की तो पृथ्वीवर आदळणार. जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येतात, यान पाठवून अण्वस्त्रांच्या स्फोटाने त्याला वाटेवरून ढळवतात. ही कथा आली 1979च्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहात. 26 सप्टेंबर 2022 रोजी नासाचे डार्ट यान डिमॉर्फस या सुमारे 160 मीटर रुंदीच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले. वेग सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक, स्फोटके शून्य. आपल्या मोठ्या सोबत्याभोवती फिरायला डिमॉर्फसला 11 तास 55 मिनिटे लागत. त्यात अर्ध्या तासाहून अधिक घट झाली. माणसाने आकाशातल्या एखाद्या वस्तूची वाट जाणूनबुजून बदलल्याची ही पहिली वेळ.

पर्वताएवढ्या दगडाला एवढासा धक्का पुरतो कसा? साधा गुणाकार करून पाहा. धडकेआधी दहा वर्षे त्याच्या वेगात सेकंदाला फक्त 2 सेंटिमीटरचा फरक पाडला, तर दहा वर्षांत साचणारा फरक होतो सुमारे 6300 किलोमीटर, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढा! लवकर दिसला तर बोटभर धक्का पुरे, उशिरा दिसला तर सगळी अण्वस्त्रे कमी पडतील. म्हणूनच रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणारा दत्ता हा कथेचा खरा नायक ठरतो. आणि त्याच्याच घरी काय चालले आहे? धूमकेतूची पीडा टळावी म्हणून यज्ञ! संकट टळल्याचे श्रेय घरचे यज्ञाला देतात, आणि ज्याने ते आधी पाहिले तो दत्ता खिन्न होतो.

लहान आणि मोठे वाचक एकाच पुस्तकात कसे रमतात, ते इथे कळते. शाळकरी वाचक ‘काय बदलले’ या प्रश्नाला बिलगतो: धूमकेतू, यान, स्फोट! मोठ्या वाचकाचे मन ‘मग काय झाले’ यावर घुटमळते: यज्ञ, श्रेय, माणसाची भीती. कथा एकच, ती दहाव्या वर्षी वाचावी आणि चाळिसाव्या वर्षी पुन्हा वाचावी. नारळीकरांच्या ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्याही अशाच दोन वयांच्या आहेत. मराठी विज्ञानकथेचे हे दालन एकट्याने उभे राहिलेले नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी आपापल्या वाटा पाडल्या. 2021च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा या साऱ्या लेखनाचाच सन्मान झाला.

‘समजा’चे सर्वांत धाडसी रूप मात्र ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे. देशभरच्या अकरावीच्या अनेक मुलांनी ती इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने वाचली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत पोहोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे, कारण 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासरावांचा वेध घेणारी गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले! गोळी कणभर बाजूला, आणि दोन शतके पार वेगळी. पुराव्याला खिशात बखरीचे एक पान. नारळीकर त्याची सांगड पुंजभौतिकीशी घालतात: इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे आधी ठामपणे सांगता येत नाही, शक्यता तेवढ्या सांगता येतात, मग न घडलेल्या शक्यतांची जगेही कुठे तरी असतील का?

हा प्रश्न कोल्हापूरकराने आपल्या गावाला विचारून पाहावा. 1760च्या डिसेंबरात करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे, छत्रपती संभाजीराजे निपुत्रिक वारले. राजधानी तेव्हा पन्हाळ्यावर होती. नानासाहेब पेशव्यांना करवीरचे राज्य साताऱ्याच्या राज्यात मिळवून टाकायचे होते. संभाजीराजांच्या राणी जिजाबाई त्याला ठाम विरोध करत राहिल्या. त्यानंतर महिनाभरातच पानिपत झाले. खचलेले नानासाहेब जून 1761मध्ये वारले, आणि 1762मध्ये जिजाबाईंनी दत्तक घेऊन गादी राखली. आता गंगाधरपंतांची गोळी इथे आणा. पानिपत जिंकलेला, सामर्थ्याच्या शिखरावरचा पेशवा जिजाबाईंपुढे नमला असता का? करवीरची गादी उरली असती का? आणि ती उरली नसती, तर 1894मध्ये त्या गादीवर राजर्षी शाहू बसले असते का? 1902चा राखीव जागांचा जाहीरनामा निघाला असता का? राधानगरीच्या धरणाचे काम कुणी सुरू केले असते?

मराठी मन पानिपताचा जय अडीचशे वर्षे स्वप्नात पाहत आले आहे. त्या जयाची किंमत शाहू महाराज असू शकते, हा विचार अंगावर काटा आणतो. कुठलाही इतिहासकार याचे उत्तर छातीठोकपणे देणार नाही. कथाकार मात्र देऊ शकतो, फक्त हिशेब प्रामाणिक ठेवला पाहिजे. पन्हाळ्यावरून पाहिलेले हे दुसरे पानिपत अजून लिहिले जायचे आहे. कोल्हापुरातल्या एखाद्या शाळेत बसलेल्या मुलीने किंवा मुलाने वहीच्या कोऱ्या पानावर ‘समजा’ लिहून ते सुरू करावे.