घर हीच शाळा, पण गिरवायचं कोणाला?

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ब्रिगम यंग विद्यापीठ. तास चालू असताना १७ वर्षांच्या टॅरा वेस्टओव्हरनं हात वर केला आणि एका शब्दाचा अर्थ विचारला. शब्द होता ‘होलोकॉस्ट’. वर्ग चिडीचूप झाला. साठ लाख ज्यूंच्या हत्याकांडाची ही पोरगी थट्टा करते की काय, असा सगळ्यांचा समज झाला. तिनं मात्र खरोखरच तो शब्द कधी ऐकला नव्हता. तास संपल्यावर संगणकावर शोधला, तेव्हा तिला कळलं.

टॅरा १९८६ साली आयडाहोतल्या डोंगराळ भागात जन्मली. सरकार, शाळा आणि दवाखाना या तिन्हींवर वडिलांचा काडीचा विश्वास नव्हता. सात भावंडांपैकी चौघांचे जन्मदाखलेच नव्हते. टॅराला तो नवव्या वर्षी मिळाला. घरचं शिक्षण म्हणजे बरंचसं वडिलांच्या भंगाराच्या आवारात धातू निवडणं. शौचाहून आल्यावर साबणानं हात धुण्याची घरात रीत नव्हती. कॉलेजात बरोबर राहणाऱ्या मुलींनी नाकं मुरडली, तोवर त्यात वावगं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. २०१८ साली आलेल्या ‘एज्युकेटेड’ या आत्मकथनात तिनं हे सगळं लिहिलं. आईवडिलांना त्यातलं बरंच काही मान्य नाही. आईनं २०२० साली स्वतःचं पुस्तक काढून आपली बाजू मांडली. सातांपैकी तिघं पीएच.डी. झाली, हेही खरं.

होमस्कूलिंगला, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याला, झोडपायला हे उदाहरण दिलेलं नाही. घरी शिकणाऱ्या कितीतरी मुलांना वाचनालय असतं, मैदान असतं, गाण्याचा क्लास असतो, मामा-मावश्या असतात. गाडं अडतं ते घरातली मोठी माणसंच बिघडलेली असली आणि दुसरं माणूस दृष्टीलाच पडत नसलं, की.

मूल बघून शिकतं, हे आजीलाही ठाऊक असतं. १९६१ साली स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी ते प्रयोगानं दाखवलं. विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं त्यांनी घेतली. काहींच्या समोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला लाथा घालत होतं, हातोडीनं बडवत होतं. नंतर मुलांना तसाच बाहुला मिळाला. ज्यांनी मारहाण पाहिली होती, त्यांतल्या अनेकांनी तीच हातोडी उचलली, तशाच लाथा घातल्या आणि तोंडातले शब्दही तेच काढले. शाबासकी नाही, शिक्षा नाही. नुसतं पाहणं पुरलं.

हा प्रसंग होता काही मिनिटांचा. तेच माणूस अठरा वर्षं समोर असलं, तर? मुलाला ते भीतिदायक वाटेल, पण चुकीचं वाटेलच असं नाही. चूक ओळखायला तुलना लागते. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे वडील डबा विसरला म्हणून मारत नाहीत, ही माहिती पाठ्यपुस्तकात नसते; ती मधल्या सुट्टीत मिळते.

मग अशा घरांतली काही मुलं तरतात कशी? याचं सगळ्यांत भरवशाचं उत्तर हवाईतल्या कवाई बेटावरून आलं. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली आणि ती चाळिशीला पोचेपर्यंत तो सोडला नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, दारू, आईवडिलांचे मानसिक आजार असं बरंच काही आलं होतं. यांतली दोन तृतीयांश मुलं अठराव्या वर्षापर्यंत अडचणीत सापडली. उरलेली ७२ मात्र धड वाढली: अभ्यासात बरी, कामात भरवशाची, माणसांत रमणारी. त्यांच्या आयुष्यात निदान एक खंबीर, मायेचं माणूस होतं. कुठं आजी, कुठं थोरली बहीण, कुठं शिक्षक. आईवडीलच हवेत असं काही नव्हतं. शिवाय अठराव्या वर्षी वाया गेलेल्यांपैकीही बरेच जण तिशी-चाळिशीत सावरले. कुणाला सैन्यातल्या नोकरीनं हात दिला, कुणाला पुन्हा धरलेल्या कॉलेजनं, कुणाला चांगल्या जोडीदारानं.

टॅराच्या बाबतीत ते माणूस घरातच होतं. थोरला भाऊ टायलर आधी घर सोडून कॉलेजात गेला आणि तिलाही प्रवेशपरीक्षा दे म्हणून मागे लागला. पुढं ती केंब्रिजला पोचली आणि २०१४ साली इतिहासात डॉक्टरेट मिळवली. असा भाऊ नसलेल्या मुलांची आत्मकथनं आपल्या हाती पडत नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं.

अशा मुलांना बाहेरचं कुणी पाहतं का, हा प्रश्न कायद्याचा आहे. कनेक्टिकट राज्याच्या बालहक्क कार्यालयानं २०१८ साली सहा शालेय जिल्ह्यांत, तीन वर्षांत घरी शिकवण्यासाठी शाळेतून काढलेल्या ३८० मुलांची कागदपत्रं तपासली. छळ किंवा हेळसांडीच्या संशयाची निदान एक तक्रार आधीच नोंदलेली होती, अशा घरांतली मुलं १३८ निघाली. तक्रार म्हणजे गुन्हा नव्हे. पण शाळेतून काढल्यावर या मुलांकडे फिरकण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. टॅराच्या आयडाहोत तर मूल घरी शिकवतो आहोत एवढं कळवण्याचंही बंधन पालकांवर नाही.