एक पॅकेट आणि डीएनएस ठप्प!

फोनमध्ये साइटचं नाव टाकलं की तिचा आयपी पत्ता शोधून देतो डीएनएस सर्व्हर. तोच पडला, तर नेट सुरू असूनही साइट उघडत नाही.

जुलै २०१५ मध्ये ‘बाइंड ९’ या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये असाच दोष सापडला. गंमत बघा: आत काही विसंगत दिसलं, तर पुढे चुका करत बसण्यापेक्षा सरळ बंद व्हायचं, अशी तपासणी कोडमध्येच होती. सुरक्षेसाठीच! पण मुद्दाम बनवलेलं एकच ‘टी-की’ पॅकेट आलं की नेमकी तीच तपासणी सर्व्हर बंद पाडायची. पासवर्ड नको, हजारो मशीन नकोत. पुन्हा सुरू केला, तरी पुन्हा तेच पॅकेट!

सेटिंग बदलून भागत नव्हतं. उपाय एकच: अपडेट. आणि मूळ दुरुस्ती? कोडची एक ओळ.