तारेला नवस नको, तिचा निर्धार घ्या!

लेणी पाहायला गेलेले आमचे बंधू-भगिनी बुद्धमूर्तीपुढे हात जोडतात. पण शेजारच्या स्त्रीमूर्तीपाशी आले की गोंधळतात. कुणी तिला देवी समजून कुंकू वाहतो, तर कुणी बावीस प्रतिज्ञा आठवून पाठ फिरवतो. आमच्या मते दोघेही घाई करतात. ती तारा असेल, तर तिचे म्हणणे आधी ऐकून घ्यायला हवे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत क्रमांक ७ चे लेणे सहाव्या शतकाच्या सुमाराचे आहे. तिथे महाभयांतून सोडवणारा अवलोकितेश्वर कोरला आहे आणि गाभाऱ्याच्या दाराशी स्त्रीमूर्ती आहेत. त्यांत अनेक अभ्यासक तारा ओळखतात. पुढे सिंह, हत्ती, अग्नी, सर्प, चोर, तुरुंग, पाणी आणि पिशाच्च या आठ भयांतून तारणारी म्हणून तीच प्रसिद्ध झाली.

पण तिची खरी ओळख वेगळी आहे. तिबेटी विद्वान तारानाथांनी १६०४ साली तिची कथा लिहून ठेवली. ज्ञानचंद्रा नावाची राजकन्या साधनेत खूप पुढे गेली. भिक्षूंनी तिला सल्ला दिला की, आता पुरुषजन्म माग. तिने उत्तर दिले की, स्त्री-पुरुष हा भेदच पोकळ आहे. पुरुषदेहाने बोधी मिळवू पाहणारे पुष्कळ आहेत. आपण मात्र संसार रिकामा होईपर्यंत स्त्रीदेहानेच प्राण्यांचे हित करू. ही कथा आहे, इतिहास नव्हे. तरीही ‘स्त्री म्हणून अपात्र’ या निकालाविरुद्ध एवढे खणखणीत अपील आम्ही क्वचितच वाचले आहे.

मग या अपिलाचे झाले काय? आचार्य अतिश १०४२ साली तिबेटात गेले आणि ताराभक्ती तिथे घट्ट रुजली. घरोघरी, मठोमठी तिची स्तुती झाली. पण त्या परंपरेत स्त्रियांना पूर्ण उपसंपदा मिळत नव्हती. गेशेमा ही सर्वोच्च पदवी पहिल्या २० भिक्षुणींना कर्नाटकातील मुंडगोड येथे मिळाली ती २०१६ साली. भूतानमध्ये १४४ स्त्रियांना पूर्ण उपसंपदा मिळाली ती २०२२ साली. शतकानुशतके आरती झाली, हक्क मात्र मागावा लागला!

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. १९५१ साली ‘महाबोधी’ नियतकालिकातील लेखात त्यांनी बुद्धावरचा स्त्रीविरोधाचा आरोप खोडून काढला आणि त्याच वर्षी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर पाणी सोडले. स्त्रीचा सन्मान कायद्यात उतरला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

म्हणून तारेपुढे नवस बोलायचा नाही आणि तिच्याकडे पाठही फिरवायची नाही. तिचा निर्धार तेवढा घरी आणायचा. विहारात झाडलोट, खीर आणि वंदना भगिनींकडे असते; विश्वस्त मंडळाच्या यादीत त्यांची नावे किती? पुढच्या बैठकीत हा प्रश्न प्रत्येकाने उभे राहून विचारावा.