पदवीची निवड : आवड आणि उपजीविका

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या, की अल खौदमधील आपल्या घराघरांतून एकाच विषयावर चर्चा सुरू होते : पुढे कोणती पदवी घ्यावी? सुलतान काबूस विद्यापीठ १९८६ पासून आपल्या शेजारीच उभे आहे. परंतु ते प्रामुख्याने ओमानी विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्या बहुतेक मुलांना भारताची किंवा अन्य देशाची वाट धरावी लागते. शिवाय ओमानीकरणाच्या धोरणामुळे, शिकून परतल्यावर इथेच नोकरी मिळेल, याचीही शाश्वती नसते.

अशा वेळी मुलाला इतिहास खुणावतो आणि पालकांना संगणक अभियांत्रिकी सुरक्षित वाटते. दोघांचेही म्हणणे खोटे नसते. परदेशी राबून साठवलेली पुंजी एकदाच खर्च होणार असते आणि मुलाचे आयुष्यही एकच असते.

या पेचात आम्हाला बाबासाहेबांच्या शिक्षणाचा क्रम मार्गदर्शक वाटतो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र यांचाही त्यांनी मनापासून अभ्यास केला. १९१६ मध्ये लंडनला आल्यावर त्यांनी दोन ठिकाणी नाव नोंदवले : अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्याची हक्काची नोकरी अस्पृश्यतेच्या जाचामुळे थोड्याच दिवसांत सोडावी लागली. एवढ्या शिक्षणानंतरही त्या शहरात राहायला जागा मिळेना. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० मध्ये लंडन पुन्हा गाठले. १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळाली, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मुंबईत परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली. या स्वतंत्र व्यवसायामुळेच कोणाच्या चाकरीत न अडकता त्यांना चळवळीसाठी वेळ राखता आला.

यातून आम्ही घेतलेला बोध असा, की आवड आणि उपजीविका एकाच पदवीत कोंबण्याचा अट्टाहास नको. त्या शेजारी शेजारी ठेवता येतात, किंवा एकीमागून एक घेता येतात. आज तशी सोयही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास मुभा दिली आहे. त्यातील एक दूरस्थ पद्धतीनेही घेता येते.

निर्णयापूर्वी काही गोष्टी अवश्य तपासाव्यात. पदवीच्या नावावर न जाता सर्व वर्षांचा अभ्यासक्रम वाचावा. त्यातील रुक्ष भागही सोसवेल का, हे मुलाने स्वतःला विचारावे. वैद्यक, परिचर्या, कायदा यांसारख्या व्यवसायांना प्रत्येक देशात वेगळा परवाना लागतो, हे ध्यानात घ्यावे. जीवशास्त्राची आवड म्हणजे केवळ डॉक्टरकी नव्हे. औषधनिर्माण, जैवतंत्रज्ञान, सार्वजनिक आरोग्य हेही त्याच वाटेवरचे मुक्काम आहेत. एनआयटीसारख्या संस्थांत 'दासा' योजनेखाली आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी स्वतंत्र जागा असतात. उच्च शिक्षणासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या अटी वेळेत पाहून ठेवाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरातील आर्थिक स्थिती मुलांपासून लपवू नये. किती रक्कम हाती आहे, किती कर्ज झेपेल, हे त्यांच्यासमोर मोकळेपणाने मांडावे आणि मग त्यांचे म्हणणे ऐकावे. हिशेब ठाऊक असलेले मूल आपली आवड अधिक जबाबदारीने निवडते, असा आमचा विश्वास आहे. अर्ज भरण्याची मुदत येण्यापूर्वी प्रत्येक घरात ही एक बैठक व्हावी, ही आमची विनंती.