खाटीक पक्ष्यांची शास्त्रीय नावे : एका वादाचे स्वरूप

गुहागरच्या परिसरात माळावरील झुडपाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून भक्ष्याची टेहळणी करणारा खाटीक पक्षी अभ्यासकाच्या दृष्टीस सहज पडतो. नाकतोडे, पाली इत्यादी भक्ष्य काट्यावर टोचून ठेवण्याच्या सवयीवरून त्याला हे लोकनाम मिळाले. लिनियसने १७५८ साली योजिलेल्या ‘लॅनियस’ या वंशनामाचा लॅटिन अर्थही खाटीक असाच आहे. लोकनाम व वंशनाम यांचे असे ऐक्य असले, तरी जातिनामांविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद चालत आले आहेत.

या मतभेदांत दोन भिन्न प्रश्न मिसळलेले असतात. कोणते नाव वैध, हा नामकरणाचा प्रश्न. कोणते पक्षी एका जातीचे, हा वर्गीकरणाचा. पहिल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय प्राणिनाम-संहितेच्या अग्रक्रम-नियमाने होतो. उदाहरणार्थ, जर्डन याने १८६२ साली छोट्या खाटकास ‘लॅनियस हार्डविकी’ म्हटले. हे नाव व्हिगर्सने १८३१ साली दिले होते. परंतु त्याच पक्ष्यास व्हॅलेन्सिएनने १८२६ सालीच ‘लॅनियस व्हिटॅटस’ हे नाव दिलेले असल्यामुळे तेच वैध ठरले. येथे मतभेदास जागा नाही. तारीख पाहिली की पुरे.

दुसरा प्रश्न इतका सरळ नाही. तांबूस पाठीच्या नकल्या खाटकास जर्डन आणि १८८९ साली ओट्स यांनी ‘लॅनियस एरिथ्रोनोटस’ ही स्वतंत्र जाती मानले. पुढे स्टुअर्ट बेकरने त्रिपदी नामपद्धती स्वीकारून तिला लिनियसच्या ‘लॅनियस शाक’ या जातीची उपजाती ठरविले. दोन जाती एकत्र आल्या म्हणजे जुने नाव जातीस मिळते व नवे तिसऱ्या पदावर उतरते. पक्षी तोच राहिला. बदलले ते आपले मत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण राखी खाटकाचे होय. कर्नल साइक्सने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली, तीत याचे वर्णन ‘कोल्युरिओ लाहटोरा’ या नावाने आहे. ‘लहटोरा’ हे हिंदी लोकनामच त्याने विशेषनाम केले. वंश पुढे बदलल्यामुळे आज साइक्सचे नाव व वर्ष कंसात लिहितात. हा पक्षी प्रथम स्वतंत्र जाती मानला गेला, नंतर ‘लॅनियस एक्सक्युबिटर’ची उपजाती झाला, पुढे काहींनी त्यास ‘लॅनियस मेरिडिओनालिस’मध्ये घातले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आयबेरियातील मेरिडिओनालिस व आपला लाहटोरा हे निकटचे आप्त नसल्याचे दिसून आले, आणि अनेक सूचींनी त्यास पुन्हा एक्सक्युबिटरखाली आणले. या सर्व स्थित्यंतरांत ‘लाहटोरा’ हे पद मात्र अबाधित राहिले.

ही चर्चा केवळ शब्दांची आहे, असा समज होण्याचा संभव आहे. पण तो बरोबर नाही. व्हिडालने १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्याशी आजच्या नोंदींची तुलना करून कोकणातील पक्षिजीवनात काय पालट झाला हे पाहावयाचे, तर जुन्या नावाखाली कोणता पक्षी अभिप्रेत होता हे आधी निश्चित झाले पाहिजे. तसे न केल्यास केवळ नाव बदललेला पक्षी ‘नाहीसा झाला’ आणि जुनाच पक्षी ‘नव्याने आला’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. तपकिरी, लालपाठी व फिकट रंगाचे खाटीक एके काळी काही तज्ज्ञांनी एकाच जातीत गणले होते. अशा काळातील नोंदीत उपजातीचे पद गाळले असेल, तर पक्षी कोणता हे नमुना पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

म्हणून क्षेत्राभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत नावाबरोबर ते कोणत्या सूचीनुसार लिहिले हे नमूद करावे, उपजाती ओळखता आल्यास तीही द्यावी, आणि पाठ, शेपटी व मुखवटा यांचे वर्णन अवश्य लिहावे. मते बदलतील, नावेही बदलतील. काळजीपूर्वक केलेले वर्णन मात्र पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.